बढतीची घाई आणि उमेदवारीची वर्षे

सरकारी बँकेत कारकून म्हणून लागून जेमतेम दोन-तीन वर्षे होतात, तोच अधिकारीपदाच्या अंतर्गत परीक्षेचे परिपत्रक शाखेत येऊन पडते. सांगली-साताऱ्याकडील एखाद्या तरुण कारकुनापुढे त्या दिवशी उभा राहणारा प्रश्न वाटतो तितका साधा नसतो. घरची माणसे म्हणतात, आत्ताच कुठे घडी बसली आहे, थोडा थांब. शाखेतील जुने सहकारी म्हणतात, बढती म्हणजे बदली. आहे ते सुख घालवू नकोस. दोन्ही सल्ले अनुभवाचेच असतात. तथापि ताळेबंद एकाच बाजूने मांडून चालत नाही.

जमेची बाजू उघड आहे. नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालेल्या वेतनश्रेणीनुसार कारकुनाचे प्रारंभीचे मूळ वेतन २४,०५० रुपये, तर पहिल्या श्रेणीतील अधिकाऱ्याचे ४८,४८० रुपये, म्हणजे दुपटीहून अधिक ठरले. खर्चाची बाजू मात्र पगारपत्रकात दिसत नाही. कारकुनाची बदली सहसा जवळपास होते. अधिकाऱ्याला देशात कोठेही जावे लागते. कारकुनाला जादा वेळेचा मोबदला मिळतो. अधिकाऱ्याला तो नाही. शिवाय कर्जाच्या कागदावर सही त्याची, म्हणून जाबही त्यालाच द्यावा लागतो.

परंतु थांबणेही फुकट नसते, ही गोष्ट सल्लागार विसरतात. पंचविसाव्या वर्षी बदलीला एक वळकटी पुरते. चाळिशीत मुलांची शाळा, आईवडिलांची औषधे आणि घराचे हप्ते आड येतात. आज टाळलेली बढती उद्या अधिक महाग पडते.

याचा अर्थ परिपत्रक येताच अर्ज करावा असा नव्हे. माणूस आपल्या कुवतीपलीकडच्या पदापर्यंत चढत जातो आणि तेथेच अडकतो, असा सिद्धांत लॉरेन्स पीटर यांनी रेमंड हल यांच्यासह १९६९ साली मांडला. त्यातील विनोद वगळला, तरी इशारा खरा आहे. ज्याने केवळ रोख खिडकी सांभाळली, त्याला उद्या वीस वर्षे मुरलेल्या सहकाऱ्याने तयार केलेले कर्जप्रकरण तपासावे लागेल. काय तपासायचे हेच ठाऊक नसेल, तर सही करताना हात कापणारच.

तेव्हा कसोटी नोकरीच्या वर्षांची नसून शिकलेल्या कामाची असावी. रोख, ठेवी, कर्जे ही टेबले मागून घ्यावीत. ‘जेएआयआयबी’ परीक्षा द्यावी. बढती लांबली तरी तिची एक जादा वेतनवाढ पदरात पडते आणि ज्ञान वाया जात नाही. एवढी तयारी झाली असेल, तर नोकरी नवी आहे म्हणून संकोचण्याचे कारण नाही. घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असल्याने जो अर्ज करीत नाही, त्यालाही कोणी भित्रा म्हणू नये; त्याने आपला हिशेब केलेला असतो. हिशेब न मांडता केवळ इतरांच्या भीतीपोटी जो थांबतो, त्याचेच नुकसान होते.