मुलाला फळा दिसत नाही, म्हणून शाळा सोडवू नका

चष्मा लावूनही ज्या मुलाला फळ्यावरचे दिसत नाही, त्याला आपण चटकन ‘ढ’ म्हणतो, नाहीतर ‘आंधळा’. मग शाळा सुटते आणि पोर गुरांमागे जाते. पालकांनी ही घाई करू नये. पुष्कळदा अशा मुलाला थोडी नजर शिल्लक असते. तिला अल्पदृष्टी म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती अंधत्वाहून वेगळी मानली आहे.

नजर वापरल्याने झिजते, हा समज चुकीचा आहे. विहिरीला पाणी कमी म्हणून आपण शेत पडीक टाकत नाही; आहे ते पाणी नेमके मुळाशी देतो. नजरेचेही तसेच करावे.

पहिला उपाय बिनखर्चाचा. पुस्तक ४० सेंटिमीटरऐवजी २० सेंटिमीटरवर धरले की अक्षर डोळ्याला दुप्पट मोठे दिसते. म्हणून मूल पुस्तक नाकाशी धरत असेल तर रागावू नये. पाठ वाकू नये म्हणून पुस्तक तिरक्या पाटावर ठेवावे. मुलाला पुढच्या बाकावर बसवावे. उजेड खिडकीतून पाठीमागून किंवा बाजूने यावा, डोळ्यांवर येऊ नये. वहीच्या रेघा ठळक असाव्यात, पेन काळे व जाड असावे. काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी चीर पाडून ती ओळीवर ठेवली, की वाचताना ओळ चुकत नाही. गुरुजींनी फळ्यावर लिहिताना मोठ्याने वाचावे.

दुसरा उपाय भिंगांचा. पायाचे भिंग कागदावर ठेवायचे असते, त्यामुळे अंतर हलत नाही आणि लहान मुलांना ते सोपे जाते. लांबचे पाहायला एका डोळ्याची छोटी दुर्बीण मिळते. चौपट दाखवणारी दुर्बीण असली, तर दीड मीटरवरून दिसणारे अक्षर सहा मीटरवरून वाचता येते. वर्गात तिने फळा दिसतो. देवास गेटला समोरच्या दुकानाची पाटीही वाचता येते. गुरुजींनी परवानगी दिल्यास मोबाईलने फळ्याचा फोटो काढून तो मोठा करूनही पाहता येतो.

मात्र भिंग बाजारातून अंदाजाने आणू नये. आधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. कोणते भिंग, किती शक्तीचे, हे तेच सांगतील. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास जिल्हा रुग्णालयातून दाखला घ्यावा. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत साधने मिळू शकतात. परीक्षेत जादा वेळ मिळण्यासाठीही शाळेकडे हाच दाखला द्यावा.

शाळेतून नाव काढण्याआधी एवढे तरी जरूर करावे.