आजोबांचा उधारीचा नियम आणि माझे ३२,००० रुपये

या आठवड्याच्या व्हिडिओत उधारीबद्दल बोललो. तो हिशोब लिहून द्या, असं बऱ्याच जणांनी सांगितलं, म्हणून हा लेख.

बीबीए करून मी घरचं स्टेशनरीचं दुकान हातात घेतलं, तेव्हा आजोबा म्हणाले होते, "बुडाली तरी रात्री झोप लागेल, एवढीच उधारी दे." मी मनातल्या मनात हसलो. पहिल्याच वर्षी एका क्लासला ४०,००० रुपयांचा माल उधार दिला. क्लास बंद पडला, मालकाचा फोन लागेना.

आता हिशोब बघा. विक्रीवर माझं मार्जिन २० टक्के. म्हणजे त्या मालात माझे खिशातले ३२,००० रुपये गेले. ते भरून काढायला १,६०,००० रुपयांची नवी विक्री हवी. तीही रोखीत, दुकानाचं भाडं, लाइटबिल वेगळंच. त्यात जूनचा सीझन तोंडावर आणि वह्या भरायला पैसे नाहीत! शेवटी आजोबांनी स्वतःची एफडी मोडली. एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं.

कॉलेजात ज्याला 'वर्किंग कॅपिटल' म्हणून शिकलो, तेच ते एका वाक्यात सांगत होते.

मग मोठ्यांचं सगळंच ऐकायचं का? नाही. त्यामागचं कारण विचारायचं. आजोबा "कर्ज काढू नको" असंही म्हणायचे, कारण त्यांनी सावकाराचं व्याज पाहिलं होतं. आज मुद्रा योजनेत तारण न ठेवता बँकेचं कर्ज मिळू शकतं. ही योजना २०१५ पासून आहे. म्हणजे तो सल्ला जसाच्या तसा लागू नाही. पण विक्री होवो न होवो, हप्ता भरावाच लागतो, हे आजही तितकंच खरं.

तुम्ही एवढं करा:

१. धंदा केलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा, "तुमचा सगळ्यात मोठा तोटा कशात झाला?"
२. त्यांच्या सल्ल्यामागचं कारण आज लागू आहे का, ते तपासा.
३. लागू असेल तर त्याला आकडा द्या.

माझा आकडा गल्ल्याजवळ लिहिलाय: एका गिऱ्हाइकाला ५,००० पर्यंतच उधारी, आणि जुनी बाकी आल्याशिवाय नवा माल नाही.

आज दुकान बंद करण्याआधी उधारीच्या वहीची बेरीज करा. आकडा बघून झोप लागते का, ते स्वतःलाच विचारा.