कळमेश्वराची खडीगंमत

नागपुराहून काटोलकडे जाणाऱ्या सडकेवर कळमेश्वर हे तालुक्याचे ठिकाण आहे. एकीकडे कारखान्यांची वसाहत, दुसरीकडे संत्र्याच्या बागा आणि कापसाची वावरे. आणि या दोहोंत दिवसभर राबणारी माणसेच दिवाळीनंतरच्या रात्री, ओलिताची पाळी व कारखान्याची पाळी यांचा मेळ घालून, खडीगंमतीच्या तालमीला जमतात. यांपैकी कोणाचाही चरितार्थ या कलेवर चालत नाही. बिदागी मिळालीच तर ती वाद्यांच्या दुरुस्तीत व गाडीभाड्यात खर्ची पडते.

खडीगंमत हे विदर्भातील तमाशाचे स्वतंत्र रूप होय. शाहीर व त्याचे झीलकरी उभ्याने गातात, गणापासून गवळणीकडे आणि सवालजवाबांतून वगाकडे रात्र सरकते, आणि स्त्रीची भूमिका परंपरेने पुरुषच, म्हणजे नाच्या, करतो.

प्रत्यक्ष गाण्यापूर्वी बराच वेळ वाद्यांच्या परामर्शात जातो. थंडीत चामडे सैल पडते, म्हणून डफ शेकोटीवर धरून तो टणक वाजेपर्यंत फिरवायचा. ढोलकीच्या दोरीतील कड्या सारून चाटेचा स्वर चढवायचा. आणि मग तुणतुण्याची एकुलती तार शाहिराच्या गळ्याशी जुळवायची. गळा त्या रात्री जेथे असेल तेथे तार येते, तारेसाठी गळा ताणीत नाहीत. हा दंडक मला फार शहाणपणाचा वाटला.

नाच्याचे काम शिकणारा तरुण कारखान्यात कामगार आहे. त्याला हातवारे, मुरका, पदर यांपैकी काहीही आधी शिकविले गेले नाही. पायांत जड चाळ बांधून, एकही घुंगरू वाजू न देता अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाणे, हाच त्याचा पहिला पाठ. कारण ज्याला चाळ गप्प ठेवता येते त्यालाच ती नेमक्या मात्रेवर बोलविता येते. त्याची मान खाली गेली की म्हातारा ढोलकीवाला ओरडे, "पोट्ट्या, पायाकडे काय पाहतं? ढोलकी आयक न!" तरुण निमूटपणे "हो, बुवा" म्हणे आणि पुन्हा आरंभापासून चाले. पगारी माणसाकडून इतक्या कठोर शिस्तीची अपेक्षा कोणी केली नसती. हौसेने आलेला माणूस ती आपणहून पत्करतो.

शक्तीचा पक्ष घेणारे कलगीवाले आणि शिवाचा पक्ष घेणारे तुरेवाले यांच्या झगड्यांची, सवालजवाबांत गायची कवने हस्तलिखित वह्यांत आहेत. वही उतरवून घेण्याची मुभा शिष्याला मिळते. पण चाल मात्र समोर बसूनच घ्यावी लागते, कारण कागदावर ती उतरत नाही.

शहरातल्या महोत्सवासाठी मोजकाच वेळ मिळणार असल्याने काय गाळावे, यावर मी तालीम पाहिली त्या रात्री बराच खल झाला. तरुणांच्या मते वग ठेवून सवालजवाब कमी करावेत. शाहीर त्यास राजी होईनात. अखेर वगाचा एकच प्रवेश न्यायचा, सवालजवाब अखंड ठेवायचे आणि सबंध वग गावच्या मंडपात रात्रभर करायचा असे ठरले. माझ्या मते निर्णय रास्त होता.