जनसंपर्काचा पेपर आणि पालिकेचं पत्रक

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात जनसंपर्क हा विषय कॉलेजात शिकता येऊ लागला, त्याला आता पाव शतक होत आलं. मुंबई विद्यापीठाचा बीएमएम (बॅचलर ऑफ मास मीडिया) हा पदवी अभ्यासक्रम २००० च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे ठाण्यात जोशी-बेडेकर, ज्ञानसाधना, कल्याणात बिर्ला अशा महाविद्यालयांत पोचला. त्याआधी पीआर म्हणजे जनसंपर्क शिकायचा तर कुर्ल्याला उतरून कलिन्याचं गरवारे इन्स्टिट्यूट गाठायचं, नाहीतर आणखी पुढे झेवियर्स किंवा चौपाटीचं भवन्स. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी वर्ग करणारी डोंबिवलीची मुलं घरी पोचायची तेव्हा ताटं झाकून ठेवलेली असत. बीएमएमच्या दुसऱ्या वर्षाला जनसंपर्काचा एक पेपर, तिसऱ्या वर्षाला जाहिरात किंवा पत्रकारिता. २०१९ मध्ये बीएमएमचा बीएएमएमसी झाला, पेपरच्या नावात कॉर्पोरेट कम्युनिकेशन आलं. त्यावर बैठका पुष्कळ झाल्या, वर्गात फरक थोडाच पडला.

बर्नेज, ग्रुनिगची चार प्रारूपं वगैरे पाठ्यपुस्तकातली नावं आणि सिद्धांत विद्यार्थ्यांना पाठ असतात. जनसंपर्काच्या इतिहासातली एकच गोष्ट मी दरवर्षी वर्गात जोर देऊन शिकवली. १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली, पन्नासहून अधिक माणसं गेली. कंपनीचे जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली यांनी अपघात दडपण्याऐवजी कंपनीतर्फे निवेदन काढलं आणि वार्ताहरांना घटनास्थळी नेलं. जगातलं पहिलं प्रसिद्धिपत्रक म्हणून तेच निवेदन ओळखलं जातं. म्हणजे या विद्येचा आरंभ कुठल्या साबणाच्या जाहिरातीतून झाला नाही, रेल्वे अपघातानंतर लोकांना खरं सांगण्यातून झाला. १८५३ पासून रेल्वेच्या रुळांवर वाढलेल्या आपल्या गावांना हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

पण आमच्या क्षेत्रातली काही वजनदार मंडळी वर्षानुवर्षं सांगत आली आहेत की पीआर हा कंपन्यांचा विषय, त्याची भाषा इंग्रजी, आणि मराठीत काम म्हणजे आलेल्या इंग्रजी पत्रकाचं भाषांतर. मला हे कधीच पटलं नाही. टाटांनी १९४३ मध्ये मुंबईत जनसंपर्क विभाग काढून मिनू मसानींकडे सोपवला, त्याचा अभिमान मलाही आहे. पण राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, त्याची जिल्हा माहिती कार्यालयं, ‘लोकराज्य’ मासिक, १९८२ ची ठाणे महापालिका, १९८३ ची कल्याण-डोंबिवली महापालिका, एमआयडीसी, महावितरण, मध्य रेल्वे हे सगळं रोज लाखो लोकांशी बोलतं, आणि मराठीत बोलतं. इथल्या विद्यार्थ्याच्या दारातला जनसंपर्क हाच आहे.

म्हणून माझ्या वर्गात पहिला महिना पाणी बंदच्या पत्रकावर जायचा. ‘तांत्रिक कारणास्तव शहराच्या काही भागांत पाणीपुरवठा बंद राहील, नागरिकांनी सहकार्य करावे’ असं एक नमुना पत्रक मी फळ्यावर लिहायचो आणि मुलांना विचारायचो, यात तुमच्या आईला काय कळलं? काही भाग म्हणजे कुठले? किती वाजल्यापासून? सुरू झाल्यावर कमी दाबाने येईल का, वरच्या मजल्यावर कधी चढेल? टँकरसाठी फोन कुठे करायचा? काम नक्की कशाचं आहे, जलवाहिनी फुटली की पंप बदलायचाय? मग मुलं प्रभाग कार्यालयात, पाणीपुरवठा विभागात जाऊन माहिती आणायची आणि तेच पत्रक दीडशे शब्दांत नव्याने लिहायची. चौथ्या खेपेला ते जमायचं. शेजारी ठेवायला मी मध्य रेल्वेच्या रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना देई. कुठला मार्ग, कुठल्या स्थानकांदरम्यान, किती ते किती, जलद गाड्या धिम्या मार्गावर कुठून वळणार, कुठे थांबणार. कोरडी दिसते, पण प्रवासी ती वाचून आपला रविवार ठरवतो. मला विचाराल तर मराठी जनसंपर्काचा इतका चांगला धडा दुसरा नाही.

पुढचा धडा कठीण. २६ मे २०१६ ला डोंबिवली एमआयडीसीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, २३ मे २०२४ ला त्याच वसाहतीत अमुदान केमिकल्समध्ये. अशा वेळी पहिल्या तासात लोकांना काय सांगायचं? खिडक्या बंद ठेवायच्या का, शाळेतल्या मुलांना आणायला जायचं का, जखमींची नावं कुठे मिळतील? जे अजून ठाऊक नाही ते ‘तपासतो आहोत, अमुक वाजता पुन्हा सांगू’ असं स्पष्ट लिहायची सवय यातूनच लागते. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ मी पत्रकारितेच्या नव्हे, जनसंपर्काच्या तासाला शिकवलं, कारण कुणी मागण्याआधी माहिती द्यायची हे त्यातच लिहिलेलं आहे.

आताचे प्रकल्प पाहिले की जीव कळवळतो. ब्रँडचं काल्पनिक लाँच, इन्फ्लुएन्सरांची यादी, किती लाइक मिळतील याचा अंदाज. पत्रक यंत्राकडून लिहून येतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतं आणि तिथून जसंच्या तसं छापलं जातं. पूर्वी स्थानिक दैनिकातला उपसंपादक ‘तारीख कुठे आहे?’ म्हणून पत्रक परत पाठवायचा. तेही टेबल आता ओस पडत चाललं आहे. डोंबिवलीकरांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गुढीपाडव्याची स्वागतयात्रा उभी केली आणि ती राज्यभर पसरली. ती संस्थांनी घरोघरी दिलेल्या निरोपांवर कशी उभी राहिली, यावर प्रकल्प करावासा कुणाला वाटत नाही, हे मला खरोखर लागतं.

बिर्ला आणि जोशी-बेडेकर आता स्वायत्त आहेत, आपला अभ्यासक्रम ठरवायला मोकळी आहेत. त्यांनी नगरपालिका, रेल्वे, आरोग्य आणि आपत्ती यांच्या मराठी जनसंपर्काचा एक पूर्ण पेपर सुरू करावा, परीक्षेत पत्रक लिहून घ्यावं आणि दोन्ही महापालिकांच्या जनसंपर्क विभागांनी दरवर्षी दहा-दहा मुलांना महिनाभर कामाला बसवून घ्यावं. अशा पेपरचा आराखडा माझ्याकडे तयार आहे. मागेल त्या प्राध्यापकाला मी तो द्यायला तयार आहे.