मोह आणि पाप: ख्रिस्ती पुरुषांच्या मनातले काही गैरसमज

रविवारी प्रभुभोजनाची वेळ आली की बाकावर तसेच बसून राहणारे तरुण अनेक मंडळ्यांत दिसतात. आदल्या रात्री मोबाइलवर काय पाहिलं, हे कुणापाशी बोलायची त्यांची हिंमत होत नाही. काहींनी तर काही पाहिलेलंही नसतं. मनात एक विचार येऊन गेलेला असतो, आणि तेवढ्यावरून ते स्वतःला अपात्र ठरवून मोकळे होतात.

या दुसऱ्यांचा गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण तो खुद्द येशूच्या शिकवणुकीवरून झालेला आहे. परस्त्रीकडे वासनेने पाहणारा मनात व्यभिचार करतो, असं डोंगरावरील प्रवचनात आहे. पण तिथे दोष दिला आहे तो हाव धरूनच टाकलेल्या नजरेला. रस्त्याने जाताना नजर पडली, मन क्षणभर ओढलं गेलं, ही वेगळी गोष्ट. याकोबाचं पत्र हा क्रम उलगडून दाखवतं: आधी इच्छा माणसाला ओढते, ती मनात रुजते आणि मग पाप जन्माला येतं. इब्री लोकांस पत्रात तर येशूचीही मोहाने परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला असं सांगितलं आहे. मोह येणं हेच पाप असतं, तर हे कसं शक्य होतं?

‘खरा विश्वास असेल तर असे विचार येणारच नाहीत,’ हा दुसरा समज. त्यावर संत ऑगस्टीन यांच्याइतका चांगला साक्षीदार नाही. तरुणपणी ते एका स्त्रीसोबत लग्नाविना अनेक वर्षं राहिले, तिच्यापासून त्यांना मुलगा झाला. पुढे लग्न ठरलं तेव्हा तिला आफ्रिकेला परत पाठवलं गेलं. वाग्दत्त वधू अजून लहान होती, म्हणून मधल्या काळासाठी त्यांनी दुसरी बाई ठेवली. ३८६ मध्ये मिलानमध्ये त्यांचं मन पालटलं, ३८७ मध्ये बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, हिप्पोचे बिशप असताना, त्यांनी ‘कन्फेशन्स’ लिहायला घेतलं. त्यातल्या दहाव्या भागात ते कबूल करतात की जागेपणी दूर ठेवलेली जुनी चित्रं झोपेत अजून येतात आणि तिथे आपला जोर चालत नाही. हे बिशप लिहितो, आणि तेही लपवून ठेवण्यासाठी नव्हे. आजच्या किती व्यासपीठांवरून हे ऐकायला मिळतं?

‘बायकांच्या कपड्यांमुळे पुरुष घसरतात’ असं अजूनही सर्रास बोललं जातं, आणि ते अन्यायाचं आहे. येशूने उपटून टाकायला सांगितला तो पाहणाऱ्याचा डोळा. बथशेबाच्या प्रकरणातही नाथान संदेष्टा दोषी ठरवतो तो दावीद राजाला. तिच्यावर तो एका शब्दाचाही ठपका ठेवत नाही.

येशूची वचनं शब्दशः घेणारेही झाले. तिसऱ्या शतकातले धर्मपंडित ओरिजेन यांनी स्वतःला नपुंसक करून घेतलं, असं इतिहासकार युसेबियस लिहितो. पण ३२५ मध्ये निकेआच्या धर्मसभेने पहिलाच नियम असा केला की धडधाकट असताना ज्याने स्वतःला असं करून घेतलं, त्याला धर्मसेवेत जागा नाही. वैद्याने आजारासाठी शस्त्रक्रिया केली असेल, तर हरकत नाही. शरीर हाच शत्रू, हे चर्चने तेव्हाच नाकारलं.

लग्न लावून दिलं की प्रश्न सुटतो, असं घरची माणसं समजतात. १९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की पत्नीला केवळ वासना भागवण्याचं साधन मानणारा नवरा तिच्याबाबतीतही मनात व्यभिचार करू शकतो. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, पण मुद्दा बिनतोड होता.

आता ‘मला व्यसनच लागलंय’ या समजाविषयी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोशुआ ग्रब्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या अभ्यासात दाखवलं की धार्मिक माणसं आणि पोर्नोग्राफीला अनैतिक मानणारी माणसं स्वतःला व्यसनी समजण्याची शक्यता जास्त असते. पाहण्याचं प्रमाण हिशेबात घेतलं तरीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगसूचीत अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार आहे, पण त्यासाठी ताबा सुटल्याची अवस्था साधारण सहा महिने किंवा अधिक टिकलेली आणि घर, काम किंवा तब्येतीवर परिणाम करणारी असावी लागते. नैतिक अपराधभावातून होणारा त्रास तेवढ्यावर विकार ठरत नाही, असं तिथे स्पष्ट नोंदवलं आहे. म्हणून पाहणं निरुपद्रवी ठरतं असं नाही. चुकीला चूकच म्हणावं, पण आजाराचा शिक्का मारून घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

शेवटचा समज सगळ्यांत घातक: हे ज्याचं त्याने एकट्याने, प्रार्थनेत निस्तरायचं. याकोब तर एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतो. कॅथलिक कुमसारात, म्हणजे पापनिवेदनात, ऐकलेलं धर्मगुरूला कोणत्याही कारणाने बाहेर सांगता येत नाही. फोडलं तर तो स्वतःच बहिष्कृत होतो. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत अशी कायद्याची भिंत नसते, तेव्हा पोटात गोष्ट ठेवणारा एखादा वडीलधारा भाऊ पारखून निवडावा, आणि त्याला रात्री अकरा वाजताही फोन करता येईल एवढं आधीच ठरवून घ्यावं.