एकच संप्रेरक, दोन हुकूम

शाळेच्या स्नेहसंमेलनात ध्वनिवर्धकाची कर्कश शिट्टी तुम्ही ऐकलीच असेल. कर्ण्यातला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, वाढून बाहेर पडतो, पुन्हा शिरतो, आणि क्षणात कानठळ्या बसतात. याच्या अगदी उलट वागते ती आपोआप बंद होणारी विजेची इस्त्री. ती पुरेशी तापली की तिची उष्णताच विजेचा प्रवाह तोडते. पदार्थविज्ञानाच्या तासाला ही दोन उदाहरणे मी नेहमी देतो. पण आपल्या मेंदूत या दोन्ही यंत्रणा एकाच रसायनावर चालतात, हे वाचून मलाही नवल वाटले.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तेथील काही चेतापेशी दहा अमिनो आम्लांची एक साखळी थांबून थांबून सोडतात. तिचे नाव जीएनआरएच. ती पोहोचली की पीयूषिका ग्रंथी आपली संप्रेरके रक्तात सोडते. त्यांच्या हुकमाने स्त्रियांच्या अंडाशयात इस्ट्रोजेन आणि पुरुषांच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होते.

आता गंमत पाहा. एरवी इस्ट्रोजेन मेंदूला ‘पुरे’ असे सांगते. ही झाली इस्त्री. परंतु मासिक चक्राच्या मध्यावर ते खूप वाढून सुमारे दोन दिवस तसेच राहिले, की तेच ‘आणखी’ असे सांगू लागते! संप्रेरकांची लाट उसळते आणि अंडाशयातून बीजांड बाहेर पडते. ही झाली कर्ण्याची शिट्टी. शिवाय आणखी एक पेच होता. जीएनआरएच सोडणाऱ्या पेशींत इस्ट्रोजेन ओळखणारे प्रमुख ग्राही प्रथिन सापडतच नव्हते. मग निरोप पोहोचवतो कोण?

धागा अनपेक्षित ठिकाणी मिळाला. वय होऊनही तारुण्याची लक्षणे न दिसणारी काही मुलेमुली काही कुटुंबांत होती. त्यांच्या एका जनुकात दोष असल्याचे २००३ साली दोन संशोधक गटांनी दाखवले. हे जनुक किसपेप्टिन या प्रथिनाचे ग्राही बनवते. किसपेप्टिनचे जनुक १९९६ मध्ये कर्करोगाच्या संशोधनात अमेरिकेतील हर्शी गावी सापडले होते. त्या गावच्या ‘किसेस’ चॉकलेटवरून त्याचे नाव पडले!

किसपेप्टिन बनवणाऱ्या पेशींत मात्र इस्ट्रोजेनचे ग्राही असते. २००५ साली उंदरांच्या माद्यांवर केलेल्या प्रयोगांत कोडे बरेच सुटले. हायपोथॅलॅमसच्या एका भागात इस्ट्रोजेन किसपेप्टिनच्या जनुकाचे काम मंदावते, तर दुसऱ्या भागात तेच काम वाढवते. इस्ट्रोजेन आणि ग्राही यांची जोडी दोन्हीकडे असते. पण जनुक मंदावायचे की जागे करायचे, हे त्या त्या पेशीतील इतर प्रथिनांवर ठरते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणाचा आवाज लवकर फुटतो, कुणाचा उशिरा. त्यामागे मेंदूतील हे घड्याळ असते. ते प्रत्येकाचे थोडे पुढेमागे चालते. त्यात चेष्टा करण्यासारखे काही नाही. फारच उशीर झाला तर लाजू नये, डॉक्टरांना विचारावे.