आठव्या दिवसाचे पाणी

१३५ लिटर. शहरात राहणाऱ्या माणसाला दिवसाला एवढे पाणी मिळावे, असा पाणीपुरवठ्याच्या नियोजनातला निकष आहे. पाच माणसांच्या घराला रोज ६७५ लिटर. नळ रोज येत असेल तर हा आकडा कुणाच्या लक्षातही येत नाही. छत्रपती संभाजीनगरने मात्र गेली कित्येक वर्षे पाण्याची पाळी मोजत काढली आहेत. कुठे पाचव्या दिवशी, कुठे आठव्या, तर ऐन उन्हाळ्यात काही वसाहतींत दहाव्या दिवशी नळ येतो.

आठ दिवसांची पाळी धरली, तर त्या घराला एका दमात ५,४०० लिटर भरून ठेवावे लागतील. म्हणजे २०० लिटरचे २७ ड्रम. एका ड्रमला दोन बाय दोन फूट जागा धरली तरी १०८ चौरस फूट लागतात. दहा बाय दहाच्या खोलीत एवढे ड्रम मावणार नाहीत. आणि तेवढ्याच खोलीत संसार करणारी कुटुंबे या शहरात गल्लोगल्ली आहेत.

पाणी धरणातून निघून या ड्रमपर्यंत पोहोचते, त्या वाटेवरचे आकडे नीट मांडले की अडचण कुठे आहे ते दिसते.

धरणात पाणी आहे

शहराला पाणी येते ते पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडीतून. हे राज्यातल्या सर्वांत मोठ्या धरणांपैकी एक. त्याचा जिवंत साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी. त्याखाली ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा.

आता शहराची गरज पाहू. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ११.७५ लाख होती. १९९१ मध्ये ती ५.७३ लाख होती आणि २००१ मध्ये ८.७३ लाख. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आधीच्या दशकातला ३४-३५ टक्के वाढीचा वेग पुढे तसाच धरला, तर २०२१ चा अंदाज १५.८ लाखांवर जातो. माणशी १३५ लिटर धरल्यास ही गरज दिवसाला सुमारे २१ कोटी लिटर आणि वर्षाला ७८ दशलक्ष घनमीटर होते. जायकवाडीच्या जिवंत साठ्याच्या तुलनेत हे प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी आहे.

या धरणावर शेतीचा हक्क आहे, उद्योगांची मागणी आहे, इतर गावे-शहरेही त्यावर अवलंबून आहेत. दुष्काळी वर्षी साठा तळाला जातो. हे सगळे धरूनही शहराचा वाटा लहानच राहतो. धरण भरलेले असताना पाणी किती पसरलेले असते, याचाही हिशेब करून पाहावा. सुमारे ३५० चौरस किलोमीटर पृष्ठभागावरचा एक मिलिमीटर थर म्हणजे ३५ कोटी लिटर, शहराच्या दीड दिवसाच्या गरजेहून जास्त. सप्टेंबर २०२५ मध्ये धरणातून लाख क्युसेकहून जास्त विसर्ग करावा लागला. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर. शहराची दिवसभराची गरज त्या वेगाने सव्वा मिनिटात वाहून जाते.

वाट अरुंद आहे

शहर आणि धरण यांच्यात चढ आहे. जायकवाडीची पूर्ण पातळी १,५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर. शहर त्याहून शंभरेक मीटर उंचावर वसले आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने बांधलेली नहर डोंगराकडून उताराने शहरात पाणी आणत होती. तिला कसलीच शक्ती लागत नव्हती. जायकवाडीचे पाणी वर चढवावे लागते. २१ कोटी लिटर पाणी नुसते १०० मीटर उचलायला दिवसाला सुमारे ५८ हजार युनिट वीज लागते, आणि यात पंपातली व पाइपातल्या घर्षणाची तूट धरलेली नाही. म्हणूनच पंपगृहाची वीज तासभर गेली की पाळी पुढे सरकते.

त्यात वाहिन्यांची क्षमता जुनी. जायकवाडीहून येणारी पहिली जलवाहिनी ७०० मिलिमीटर व्यासाची, १९७५ ची. दुसरी १,४०० मिलिमीटरची, १९९२ च्या सुमाराची. दोन्ही योजनांची मिळून आखलेली क्षमता दिवसाला १५.६ कोटी लिटर. चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांमागोमाग शहर वाढत गेले. सिडको-हडको भरले, गारखेडा भरला, सातारा-देवळाई हद्दीत आले. तरी मोठी नवी वाहिनी अनेक वर्षे आली नाही.

२,५०० मिलिमीटर व्यासाच्या मुख्य वाहिनीच्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. तेव्हाचा खर्च १,६८० कोटी रुपये. पुढे तो २,७४० कोटींवर गेला, म्हणजे ६३ टक्क्यांनी वाढला. मधल्या काळात जोडीला ९०० मिलिमीटरची एक वाहिनी घेण्यात आली. पाण्याचा वेग सारखा धरला, तर पाइपाची वहनक्षमता व्यासाच्या वर्गाने वाढते. त्या हिशेबाने २,५०० मिलिमीटरच्या एका वाहिनीचे तोंड दोन्ही जुन्या वाहिन्यांच्या मिळून तोंडाच्या अडीच पट आहे.

सरासरी काय लपवते

जुन्या वाहिन्यांचे १५.६ कोटी लिटर १५.८ लाख माणसांत वाटले, तर माणशी ९९ लिटर येतात. कागदावर हा आकडा वाईट दिसत नाही. पण जुन्या वाहिन्या पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, वाटेत गळती आहे, टोकाच्या वस्तीत दाब पोहोचत नाही. आणि जे पाणी पोहोचते ते साठवता आले तरच आपले.

एकाच गल्लीतली दोन घरे घ्या. पाच-पाच माणसे, पाळी आठ दिवसांची. एका घरात जमिनीखाली १०,००० लिटरचा हौद आणि गच्चीवर २,००० लिटरची टाकी. माणशी रोजचे ३०० लिटर. दुसऱ्या घरात पाच ड्रम, म्हणजे १,००० लिटर. माणशी रोजचे २५ लिटर. जलजीवन मिशनने खेड्यातल्या घरासाठी ठरवलेले प्रमाण ५५ लिटर आहे. महानगरपालिकेच्या हद्दीतले हे घर त्याच्या निम्म्यावरही पोहोचत नाही. दोघांची पाळी एक, नळाची वेळ एक. फरक आहे तो जागेचा आणि मोटारीचा.

पाणीपट्टी मात्र घरातले ड्रम मोजत नाही. घरगुती नळासाठी ती वर्षाला ४,०५० रुपये होती. २०२२ मध्ये लोकांच्या संतापानंतर २,०२५ रुपयांवर आणली गेली. आठ दिवसांच्या पाळीने वर्षात नळ येतो ४६ वेळा. जुन्या दराने एका पाळीचे ८८ रुपये, नव्या दराने ४४. ड्रम संपल्यावर जारचे आणि टँकरचे पैसे वेगळे.

याची किंमत आरोग्यालाही मोजावी लागते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याला साठवलेले स्वच्छ पाणीच लागते. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य विभाग सांगतो. ज्या घराची पाळी आठव्या दिवशी आहे, त्याने सातव्या दिवशी ड्रम कसा ओतायचा?

वाहिनीनंतरचे काम

मोठी वाहिनी शहराच्या वेशीपर्यंत पाणी आणते. घरापर्यंत ते नेण्यासाठी पुरेसे जलकुंभ, गल्लीतली न गळणारी वाहिनी आणि मीटर लागते. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले आहे. ते गाव लहान आहे, हे खरे. पण नळ चोवीस तास असला की घरात पाणी साठवण्याची गरज उरत नाही आणि मोजून पैसे दिले की उधळपट्टी थांबते, हा धडा मोठ्या शहरालाही लागू पडतो.

जायकवाडी किती टक्के भरले, हा आकडा वर्तमानपत्रात नेमाने येतो. त्याच्या शेजारी दुसरा आकडा छापून यायला हवा: कोणत्या जलकुंभावरून कोणत्या वसाहतीला कितव्या दिवशी, किती मिनिटे पाणी मिळाले. पालिकेने तो रोज जाहीर करावा. तोवर आपणही एक करू शकतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा आणि गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो. त्याच चौकटीत नळ आला तो दिवस आणि भरलेल्या ड्रमांची संख्या लिहा. वर्षाच्या शेवटी गल्लीतल्या दहा घरांची कॅलेंडरे एकत्र करा आणि नगरसेवकापुढे ठेवा. योजनेचे यश किती किलोमीटर पाइप टाकला यावरून मोजू नका. पाच ड्रमांच्या घराला रोज ६७५ लिटर मिळू लागतील, त्या दिवशी योजना पूर्ण झाली असे समजा.